बॉल पायथनचं पिल्लू अंगावर धावतं तेव्हा

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांचं बॉल पायथनचं, म्हणजे एका आफ्रिकी अजगराचं, पिल्लू फोंड्याला घरी आणून अकरा दिवस झाले. माणसाळावं म्हणून रोज अर्धा तास हातात घेता, तरी झाकण उघडलं की मान आखडून फुत्कारतं, दोनदा चावलंही. आधी एकच करा, त्याला हात लावणं बंद करा. पूर्ण दोन आठवडे. पाणी बदलायचं, घाण काढायची, बस्स.

ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. तिकडे हे साप दिवस काढतात ते उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत. एवढ्याशा पिल्लावर वरून सावली पडली की ते जीव वाचवायलाच बघणार. रोज अर्धा तास त्याला एवढंच कळतंय की झाकण उघडलं म्हणजे कोणीतरी धरणार.

खरं काम लपायच्या जागेचं आहे. फोटोत एकच मोठं प्लास्टिकचं घर दिसतंय, त्यात पिल्लू मोकळं पडतं. त्याला अंग चारी बाजूंनी टेकेल अशी अडचणीची जागा हवी. मोठ्या नारळाची अर्धी करवंटी घ्या, काठाला पिल्लू जाईल एवढी खाच पाडा, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत घासा आणि पालथी घाला. अशा दोन करा, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवली तर त्याला ऊब हवी की आडोसा, यातून निवडावं लागतं. मातीची छोटी कुंडी आडवी ठेवली तरी चालेल, पण तळाचं भोक बुजवा. पिल्लू त्यात डोकं घालतं आणि अडकतं. मधल्या मोकळ्या जागेत सुकी पानं नाहीतर चुरगाळलेला कागद भरा. माझ्या पिल्लाची करवंटी बदलल्यावर चौथ्या दिवशी खाचेतून नुसतं नाक बाहेर आलेलं दिसलं, जीभ सावकाश आत-बाहेर करत होतं. घाबरलेल्या सापाची जीभ एक तर थांबते, नाहीतर भराभर चालते. हा फरक बघायला शिका, पुढे फार उपयोगी पडतो.

उबदार बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २५-२७. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३३ वर जाते, तेव्हा हीट पॅडपेक्षा थंड कोपरा मिळवणं कठीण. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ऊब ठरावीक अंशावर रोखणाऱ्या यंत्राशिवाय, पॅड लावूच नका. पावसाळ्यात ओल आपोआप असते, पण हवा कोंडली तर छातीचा आजार होतो, म्हणून पेटीची जाळी झाकून टाकू नका.

सापाची पेटी कुठे ठेवलीय तेही बघा. साप जमिनीतून येणारा थरथराट अंगाने ओळखतो. एका चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या हॉलमध्ये आरत्या, घुमट वाद्याचा आवाज, शेजारी फटाके, आणि सापाची पेटी त्याच भिंतीला. त्या पिल्लाने पाच आठवडे तोंडाला काही लावलं नाही. आता चवथ, दिवाळीतली नरकासुराची रात्र, शिगमो (होळीचा सण) आला की पेटी मागच्या खोलीत जाते, खाली जाड गोधडीची घडी.

दोन आठवड्यांनी, आणि ओळीने दोनदा खाल्ल्यावरच, हाताळायला लागा. आधी गुंडाळलेल्या कागदाने अंगाच्या मधल्या भागाला हलकेच स्पर्श करा. दर वेळी हाच स्पर्श, म्हणजे आता जेवण नाही, हात येणार, हे त्याला कळतं. हात बाजूने आणा, वरून नको. मधून खालून उचला, धरून ठेवू नका, हातावरून चालू द्या. पाच मिनिटं पुरेत. ते शांत असतानाच परत ठेवा. कात टाकायच्या आधी डोळे निळसर दुधाळ होतात, तेव्हा आणि खाल्ल्यावर दोन दिवस अजिबात नको. त्याच्या खाण्यातल्या उंदराला हात लावला असेल तर हात साबणाने धुऊन मगच पेटीजवळ जा.

चावलं तर हिसडा मारू नका, दात आत वळलेले असतात, तुटून राहतात. विष नाही; साबण-पाण्याने धुवा. खात नसेल तर दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. दहावा हिस्सा घटला तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

कागदांचंही सांगतो. बॉल पायथन सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे; वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि शेजाऱ्याने बागायतीत सापडलेलं ‘अजगराचं पिल्लू’ देऊ केलं तर हातात घेऊ नका. आपला अजगर पाळणं गुन्हा आहे, शिवाय घोणसीचं पिल्लू भल्याभल्यांना अजगराचं वाटतं. थेट वनखात्याला फोन करा.

करवंट्या ठेवल्यावर पहिल्यांदा कधी खाल्लं ते वजनासकट कळवा.