फ्लोराइडची चूळ सुरू करण्याआधी

मूल सहा वर्षांचं झालंय ना? त्याआधी ही दातांची कीड रोखणारी औषधी चूळ नकोच, लहान मुलं औषध गिळतात. सहाच्या पुढेही आधी चार दिवस साध्या पाण्याने सराव घ्या. १० मिली पाणी मिनिटभर तोंडात खळखळवून सगळं थुंकता आलं, तरच बाटली उघडा. मी माझ्या मुलीला पेल्यातच थुंकायला लावायचे, म्हणजे किती परत आलं ते दिसायचं.

रोजच्या वापराचं द्रावण ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचं असतं, आठवड्यातून एकदा वापरायचं ०.२ टक्क्यांचं. त्यांची अदलाबदल करू नका, लेबल नीट वाचा.

आणि दात घासल्यावर लगेच चूळ नको. ही चूक जवळजवळ सगळेच करतात. पेस्टमध्ये साधारण १००० ते १४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं, रोजच्या द्रावणात जेमतेम २२५. म्हणजे जास्त ताकदीचं फ्लोराइड आपणच धुऊन टाकतो! शाळेतून आल्यावरची वेळ धरा, नंतर अर्धा तास खाणंपिणं बंद.

कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१६ च्या आढाव्यात, मोठ्यांच्या देखरेखीखाली नियमित चूळ भरणाऱ्या मुलांमध्ये कायमच्या दातांची कीड सरासरी २७ टक्क्यांनी कमी आढळली. देखरेख महत्त्वाची, म्हणून शेजारी उभ्या राहा. ब्रश मात्र दोन वेळा हवाच.