‘मामांना सांगायचं कुणी?’

‘मॅडम, ओढणारं माणूसच घरातलं मोठं आहे. मग सांगायचं कुणी?’

सांगलीत विश्रामबागेत मी समुपदेशनाला बसते, तिथं हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक वेळा सून असते. पोराचा खोकला हटत नाही, कान सारखा दुखतो, मशिनवर वाफ द्यायला रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो, आणि घरात कुणीतरी बिडी नाहीतर सिगारेट ओढत असतं. नवऱ्याला सांगून झालेलं असतं. तो म्हणतो, ‘वडलांना मी काय सांगू?’

त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

तीन वर्षांचा मुलगा. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात कुणी ओढतं का?’ सून पटकन ‘नाही’ म्हणाली.

‘आत्या शेजारीच बसल्या होत्या हो. त्यांच्यासमोर मामांचं नाव कसं घेऊ?’ आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, मामा म्हणजे सासरे.

पोराच्या खोकल्याइतकंच ते खोटं तिला टोचत होतं. पहिल्या भेटीत ती त्याच्यावरच रडली. मी म्हटलं, आज घरी गेलीस की आधी डॉक्टरांना फोन कर आणि खरं सांग. हे लपवलं तर औषध बदलत बसतील आणि कारण घरातच राहील. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो, श्वासाच्या वाटा अरुंद असतात. घरातल्या धुरानं दमा उसळतो, कानाची दुखणी वाढतात, न्यूमोनिया आणि ब्राँकायटिसचा धोका वाढतो. तान्ह्या बाळांत तर झोपेत अचानक दगावण्याचाही.

‘मामांना आत्तापर्यंत काय सांगून बघितलंस?’

‘बिडी सोडा म्हटलं. एकदा चिडून बोलले, तुमच्यामुळं पोर आजारी पडतंय.’

‘मग?’

‘दोन दिवस जेवले न्हाईत.’

मी घराकडे नात्यांच्या बाजूनं बघणारी. एकाला आरोपी करून घर सुधारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. इथं दोन गोष्टींचा गुंता झाला होता. मामांची चाळीस वर्षांची सवय ही एक, आणि घरातली हवा ही दुसरी. सवय त्यांची, हवा सगळ्यांची. ‘सोडा’ म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला ऐकू येतं, ‘तुम्ही आता नकोसे झालात.’ म्हणून मी तिला सांगितलं, बिडी सोडा हे वाक्यच सोडून दे. मामांना एकदा माझ्याकडे घेऊन ये, नातवाबद्दल बोलायचंय एवढंच सांग.

तिसऱ्या भेटीला ते आले. डोक्यावर टोपी, दारातूनच नमस्कार, आणि त्यांच्या आधी सदऱ्याचा वास आत आला. मी बराच वेळ बिडीचं नाव काढलं नाही. आयुष्यभर काय काम केलंत, एवढंच विचारलं. हमाली, तीही हरिपूरच्या पेवांवर. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद साठवायची, तोंड बंद करायचं, लागेल तेव्हा उघडायचं. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. ते बोलायला लागले आणि चेहराच बदलला.

‘पेव उघडलं की लगेच उतरत होता?’

‘छ्या! आतली हवा माणूस मारती. तोंड उघडून ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. इझला तर कुणी उतरायचं न्हाई.’

‘ती हवा दिसते का?’

‘दिसली असती तर कंदील कशाला लागला असता?’

मग मी म्हटलं, घरातल्या धुराचंही तसंच आहे. त्याचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही आणि दिसेनासा झाल्यावरही तो खोलीत तासन् तास राहतो.

‘म्हणून तर मी खिडकी उघडतो की,’ ते लगेच म्हणाले. रास्त बोलले. घरोघरी हेच उत्तर मिळतं.

‘मामा, पेवात माणूस उतरलेला असताना, होईल हवा मोकळी, म्हणून कधी वाट बघितलीत?’

‘काय बोलताय मॅडम? आधी माणूस भाईर!’

एवढं म्हणाले आणि थांबले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तिची घडी बोटांनी दाबत राहिले. मी काही बोलले नाही. एवढ्या वर्षांच्या कामात मी कमावलं असेल तर हे गप्प बसणं. दोन-तीन मिनिटांनी खाली बघतच म्हणाले, ‘पोराला कुठं भाईर काढणार? बिडीच काढाय लागंल.’

तो निर्णय त्यांचा होता, सुनेचा हुकूम नव्हता. म्हणून टिकला.

तुमच्या घरी हे करायचं असेल, तर ‘बाहेर’ म्हणजे काय ते नीट ठरवा. गॅलरीचं दार उघडं ठेवून ओढणं किंवा बाथरूममध्ये ओढणं म्हणजे बाहेर नव्हे. गाडीत तर मुळीच नाही, काच खाली केली तरी. पंखा, खिडकी, एक्झॉस्ट यांनी धोका टळत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २००६च्या अहवालातही, अशा धुराची कुठलीच पातळी सुरक्षित नाही, असं स्पष्ट म्हटलंय. अगरबत्ती लावून वास झाकणाऱ्यांना काय सांगावं, तो आणखी एक धूर! ओढून आल्यावर लगेच मुलाला उचलायचं नाही. थोडा वेळ जाऊ द्यायचा, हात-तोंड धुवायचं, जमलं तर सदरा बदलायचा. हळदीनं माखलेला सदरा मामा पूर्वी पडवीतच काढायचे, त्यामुळे हे त्यांना सांगावं लागलं नाही.

आणि बाहेरची जागा शिक्षेची करू नका. या घरी मी अंगणात पत्र्याखाली खुर्ची ठेवायला सांगितली, पावसाळ्याचा विचार करून. आत्या चहा तिथंच नेऊन देतात. मुलाच्या तोंडून ‘आजोबा, बिडी नको’ असं वदवून घेणारेही भेटतात मला. ते करू नका. नातवाला पोलीस केलं की आजोबा लपून ओढतात, तेही घरातच.

जुलैत भर पावसात मामांनी एकदा आत पेटवली. सून तणतणत आली माझ्याकडे. एवढ्या दिवसांत एकदाच ना, मी म्हटलं. पुढच्या तपासणीला मामा स्वतः मिरजेला गेले. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. सुनेच्या आधी तेच बोलले, ‘मी वडतो. पण अंगणात.’

बिडी सुटलेली नाही, कमी झालीय. सोडायला मदत करणाऱ्या सरकारी मोफत फोनसेवेचा नंबर, १८००-११-२३५६, मी त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. सून सांगते, तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. फोन अजून लावलेला नाही.