वाचकांचे प्रश्न : गावाचा आकडा कुठे आहे आणि तो तसा का आहे

प्रश्न : शाळेच्या विकास आराखड्यासाठी गावाची लोकसंख्या आणि साक्षरता हवी आहे. जनगणनेची एक्सेल फाइल उतरवून घेतली, पण बेरीज जिल्ह्याच्या आकड्याच्या कितीतरी पट येते आणि साक्षरता पुस्तकातल्यापेक्षा कमी. — शिक्षक, गेवराई

फाइल बरोबर उतरवली आहे. ‘सेन्ससइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन’वर 2011 चा ‘प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणजे जनगणनेचा प्राथमिक गोषवारा आहे, तोच हा. अडचण तिच्या मांडणीत आहे. एकाच रकान्यात जिल्हा, तालुका, गाव, शहर आणि वॉर्ड असे सगळे थर एकाखाली एक येतात. शिवाय जिल्हा-तालुक्याच्या ओळी एकूण, ग्रामीण आणि शहरी अशा वेगवेगळ्या असतात. सरसकट बेरीज केली की तोच माणूस चार-पाचदा मोजला जातो. आधी ‘लेव्हल’ रकान्याला फिल्टर लावून फक्त ‘व्हिलेज’ ठेवा, मग बेरीज करा. ती जिल्ह्याच्या ग्रामीण आकड्याला तंतोतंत जुळली पाहिजे. शहरे मिळवली की बीडचे 25,85,049 भरतात.

साक्षरतेचे म्हणाल तर भाजक चुकतो. जनगणनेत 7 वर्षे आणि त्यापुढचीच व्यक्ती साक्षर धरतात, म्हणून 0 ते 6 वयाची मुले वजा करूनच भागायचे. समजा, गावात 2,000 माणसे, त्यांत 0 ते 6 ची 260 मुले आणि साक्षर 1,218. 2,000 ने भागले तर 60.9 टक्के, 1,740 ने भागले तर 70 टक्के. खरे उत्तर दुसरे. फाइलमधला ‘निरक्षर’ रकाना तर वापरूच नका, त्यात पाळण्यातली लेकरेही धरलेली असतात.

शोधताना बीडचे स्पेलिंग ‘बी-आय-डी’ टाका, दोन ‘ई’ घातले तर हाती काही लागत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव 2011 च्या फायलींत जुन्याच नावांनी आहेत. पिंपळगाव नावाची गावे तर ढिगाने, तेव्हा नावावर न जाता गावाचा सहा आकडी कोड लिहून ठेवा. 2001 चे कोड वेगळे होते, त्यामुळे दोन जनगणना जोडताना कोडावर कोड ठेवू नका.

प्रश्न : आमच्या गावचे मतदारच जनगणनेतल्या माणसांपेक्षा जास्त आहेत. तांड्याचे नाव तर यादीत कुठेच नाही. गणना नीट झाली नाही का? — ग्रामपंचायत सदस्य, धारूर तालुका

मतदार यादी आजची आणि जनगणना 2011 ची, हे एक. पण तुमच्या भागात त्याहून मोठे कारण ऊसतोडणी आहे. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, 1 ते 5 मार्च फेरतपासणी. नियम असा की, या मुदतीत जो एकही दिवस घरी नव्हता, त्याची नोंद गावात होत नाही. तो जिथे सापडेल तिथे होते. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे गाळप संपल्याशिवाय, कोयता (ऊस तोडणारे जोडपे) घराकडे फिरत नाही. म्हणजे नियमाने अशा जोडप्याची नोंद पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाजवळच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) व्हायची, मतदार यादीत मात्र नाव गावचेच राहते. पाणी योजना किंवा रेशनचा हिशेब मांडताना हा फरक कागदावर लिहूनच द्या. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही 1 मार्च 2027 आहे, तेव्हा हा पेच पुन्हा येणारच.

तांड्याचे उत्तर सोपे आहे. जनगणनेचे गाव म्हणजे महसुली गाव, तांडा-वस्ती त्याच्याच पोटात मोजतात. गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यातल्या सर्व महसुली गावांची बेरीज करा. शून्य लोकसंख्येची ओळ दिसली तर ते बेचिराख गाव, फाइलची चूक नव्हे.

प्रश्न : उदगीरचे 1951 चे आकडे मुंबई राज्याच्या जनगणना खंडांत सापडत नाहीत. — अभ्यासक, लातूर

सापडणार कसे? मराठवाडा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या खंडांत पाहा, तेही बीदर जिल्ह्याखाली, कारण उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तेव्हा बीदरमध्ये होते. 1961 ला ते उस्मानाबाद जिल्ह्यात दिसतात, लातूर जिल्हा 1982 चा. म्हणून जुन्या खंडातून जिल्ह्याचे आकडे उचलून दशकाची वाढ काढू नका. त्यासाठी 2011 च्या जनगणनेचा ‘ए-2’ तक्ता घ्या, त्यात 1901 पासूनचे आकडे 2011 च्या सीमांना जुळवून दिले आहेत. परभणी-हिंगोली (विभाजन 1999) आणि जालना (1981) यांनाही हेच लागू.

प्रश्न : आजची तालुक्याची अधिकृत लोकसंख्या? — परभणी

2011 नंतर गणनाच झालेली नाही. केंद्राच्या तांत्रिक गटाचे 2011–2036 चे लोकसंख्येचे प्रक्षेपण (पुढचा अंदाज) राज्यापुरते आहे, तालुक्यापर्यंत उतरत नाही. मराठीत तयार तक्ते हवे असतील तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ पाहा, पण त्यातली तालुकावार लोकसंख्याही 2011 चीच. आणि एक : 2011 चे ‘हंगामी’ म्हणजे तात्पुरते आकडे अजून नेटवर फिरतात. बीडचे 0–6 वयोगटाचे लिंग गुणोत्तर (दर हजार मुलांमागे मुली) त्यात 801 आहे, अंतिम आकडा 807. दोन्हींतला कोणता लिहिला, ते तक्त्याखाली नोंदवा.