बहिणीच्या मुलाचा बाप दारुडा आहे, दत्तक घेता येईल का?

ताई, तुमची बहीण वारली, तिचा सहा वर्षांचा मुलगा दोन वर्षं खानापूर तालुक्यात तुमच्याकडे वाढतोय, आणि चंदगडकडचा बाप महिन्या-दोन महिन्यांनी दारू पिऊन दारात उभा राहतो, "पोरगा नेतो" म्हणून. वाचून जीव तुटला. निपाणीकडे माझ्या नणंदेच्या मुलीसाठी आम्ही हेच भोगलंय.

गावातल्या जाणत्यांनी सांगितलेल्या शंभराच्या बाँडवर विसंबू नका. आम्हीही नोटरीकडे लिहून घेतलं होतं. शाळेत नाव बदलायला गेलो तेव्हा तो कागद हातात परत आला. पैसे गेले ते गेलेच, वर आपल्या हाती काहीतरी आहे या समजुतीत एक वर्ष फुकट गेलं.

दत्तकाचं म्हणाल तर १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात, आई वारल्यावर मूल देण्याचा अधिकार बापाचा. तो पितो, मारतो, पैसे देत नाही म्हणून त्याचा तो अधिकार जात नाही. त्याने मुलाला कायमचं टाकून दिलं असेल तर कायदेशीर पालक, म्हणजे आईबापाऐवजी मुलाची जबाबदारी असलेला माणूस, कोर्टाच्या परवानगीने मूल देऊ शकतो, स्वतःलासुद्धा. पण जो माणूस दारात येऊन पोरगा मागतो, त्याने टाकलंय हे सिद्ध करणं अवघड. दुसरी अडचण तुमच्या घरातलीच आहे. तुम्हाला स्वतःचा मुलगा आहे, आणि मुलगा असताना या कायद्याने दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. बाप उद्या सही द्यायला तयार झाला तरी ही वाट बंदच.

"बाप नालायक आहे" या म्हणण्याला वजन आहे ते पालकत्वाच्या कायद्यात, १८९० च्या. बाप जिवंत असताना दुसऱ्याला पालक नेमायचं तर तो अपात्र आहे असं कोर्टाला वाटावं लागतं, म्हणजे तुमची सगळी तक्रार तिथेच मांडायची. मूल राहतं तिथलं कोर्ट, म्हणून अर्ज बेळगाव जिल्ह्यात. बाप महाराष्ट्रात असला तरी चंदगडला खेटे घालायला नकोत. निकाल लागेपर्यंत मुलाचा ताबा तुमच्याकडेच राहावा असा अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागा. आमच्या वेळी वकिलाने तो मागितला नाही, आणि ते चार महिने मुलीला एकटीला अंगणातसुद्धा सोडलं नाही.

पुरावा साधाच असतो. शाळेची हजेरी, लसीचं कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, अंगणवाडीच्या ताईंचा आणि शेजाऱ्यांचा जबाब, पोलिसांत दिलेली तक्रार. बाप कधी आला, काय बोलला, हे वहीत तारखेनिशी लिहा. चंदगडकडचे मराठी दाखले असतील तर त्यांचं भाषांतर आत्ताच करून घ्या, नाहीतर तारखेवर तारीख पडते.

यासोबतच बाल कल्याण समितीकडे जा. पत्ता जिल्हा बाल संरक्षण घटकात मिळेल. पाटी कानडीत असेल, "मक्कळ रक्षणा घटक" विचारलंत की कुणीही दाखवेल. आईबाप अपात्र आहेत हे ठरवायचा अधिकार २०१५ च्या बाल न्याय कायद्याने या समितीला आहे. तुमच्यासाठी दत्तकाची खरी वाटही याच कायद्यात आहे. नातेवाइकाने घ्यायच्या दत्तकात मावशी बसते, आणि स्वतःचा मुलगा असला तरी अडत नाही. बापाची संमती लागतेच. ती मिळण्यासारखी नसेल तर समितीच्या परवानगीने कायदेशीर पालकाची. म्हणून पालकत्व आधी. मूल पाच वर्षांच्या वर आहे, तेव्हा त्यालाही विचारतील. २०२२ पासून दत्तकाचा शेवटचा आदेश कोर्ट नव्हे, जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्याकडे डीसी ऑफिस.

आम्ही मात्र पालकत्वावरच थांबलो. दत्तक गेलं की जन्मघरी पुढे मिळायच्या वारशाचा हक्क सुटतो, आणि नणंदेच्या सासरी मुलीला मिळायची जमीन होती. शिवाय "जमिनीसाठी पोरीला नेलं" असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही. मुलगी आता नववीत आहे, मला मामीच म्हणते.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. महिला आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन १५१००. बाप परत दारात आला तर वाद घालू नका, मुलाला आत घ्या, ११२ लावा, आणि मुलासाठी १०९८. त्या तक्रारीची प्रत जपून ठेवा, अर्जाला तीच जोडायची आहे.