मानेतील कृत्रिम चकती आणि बसलेला आवाज

प्रश्न : मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहते, वय ४४. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधील चकती सरकल्यामुळे उजव्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येत आणि पोळ्या करताना लाटणे हातातून निसटे. तीन आठवड्यांपूर्वी तिथे कृत्रिम चकती बसवली. मुंग्या थांबल्या, मात्र आवाज घोगरा झाला आहे आणि कोरडा घास घशात अडकतो. काही बिघडले असेल का? नवरात्रात गरबा खेळता येईल का?

उत्तर : बहुधा काही बिघडलेले नाही. ही शस्त्रक्रिया मानेच्या पुढच्या बाजूने होते. मणक्यांपर्यंत पोहोचताना अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला ओढून धराव्या लागतात आणि स्वरयंत्राची नसही तिथूनच जात असल्याने असा त्रास काही आठवडे राहू शकतो. तोवर पोळी वरणात कुस्करून खावी. आवाज दोन महिन्यांतही सुधारला नाही, तर स्वरयंत्र तपासून घ्यावे. श्वास अडणे, ताप, मानेवर वाढती सूज किंवा पाणी पिताना ठसका यांपैकी काहीही दिसल्यास मात्र त्याच दिवशी शल्यविशारदांना गाठावे.

मणके कायमचे जोडण्याऐवजी चकती बसवली, ती मानेची हालचाल टिकावी म्हणूनच. तरीही काही रुग्णांत तिच्याभोवती हाड वाढून हालचाल कमी होते, तेव्हा पुढचे एक्स-रे टाळू नयेत. गरब्याचा निर्णयही ते एक्स-रे पाहून शल्यविशारदांनीच द्यावा.