सेंट मार्टिन हे कॅरिबियन बेट फ्रान्सचं की नेदरलँड्सचं? लोक बोलतात काय, आणि पत्त्यावर नाव कसं लिहायचं?

दोघांचंही. उत्तर फ्रान्सकडे, दक्षिण नेदरलँड्सच्या राज्यात. बोलणं मात्र दोन्हीकडे इंग्रजीत!

मी काही वर्षं क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कामाला होतो. डच बाजूच्या फिलिप्सबर्गला जहाज लागलं की चार-पाच तास मोकळे मिळायचे. एकदा फोनची बॅटरी संपली म्हणून तिथल्या दुकानात चार्जर लावायला गेलो, तर आपल्या गोल पिना बसेनात. तिथे अमेरिकेसारखे चपट्या पिनांचे सॉकेट आणि ११० व्होल्ट. मग मिनीबसने फ्रेंच बाजूच्या मॅरिगोला गेलो. तिथल्या कॅफेत तोच चार्जर निमूट बसला, २२० व्होल्टवर. मध्ये सीमा ओलांडली ती रस्त्याकडेचं स्मारक आणि झेंडे दिसले म्हणून कळली. ना चौकी, ना पोलीस.

ड्रायव्हरला विचारलं, "तुम्ही फ्रेंच की डच?" म्हणाला, "सेंट मार्टिनचा." फारच खोदल्यावर, "घर फ्रेंच साइडला." 'साइड' हाच तिथला शब्द, देश कुणी म्हणताना ऐकलं नाही.

वाटणी झाली २३ मार्च १६४८च्या तहाने. फ्रेंच गडी आणि डच गडी बेटाभोवती उलट दिशांनी चालत सुटले, भेटतील तिथे सीमा ठरायची, एकाने वाइन प्यायली, दुसऱ्याने जिन, म्हणून डचांना कमी जमीन मिळाली, ही गोष्ट पर्यटकांना हमखास सांगतात. गंमत म्हणून ऐकावी. क्षेत्रफळ मात्र खरंच तसं आहे: फ्रेंचांकडे सुमारे ५३ चौरस किलोमीटर, डचांकडे ३४.

या सीमेचा खरा उपयोग करून घेतला तो गुलामांनी. फ्रान्सने १८४८ साली गुलामगिरी रद्द केली, डचांनी कायद्याने थेट १८६३ साली. १८४८ मध्येच डच बाजूच्या डायमंड इस्टेटमधले २६ जण पलीकडे निघून गेले. सीमा ओलांडली की माणूस मोकळा! मग डच मळेवाल्यांनाही मजूर धरून ठेवणं जमेना.

इंग्रजी आली शेजारच्या इंग्रज बेटांवरून आलेल्या मळेवाल्यांबरोबर, आणि टिकली. फ्रेंच बाजूच्या शाळा-कचेऱ्यांत फ्रेंच. डच बाजूला डच आणि इंग्रजी दोन्ही राजभाषा. त्यात हैतीची क्रिओल आणि डॉमिनिकन लोकांची स्पॅनिश. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर सोन्या-घड्याळांची बरीच दुकानं सिंधी व्यापाऱ्यांची. मला बघून एकाने थेट विचारलं, "कहाँ से हो, भाई?"

कागदोपत्री २००७ पासून फ्रेंच बाजू ग्वादलुप या फ्रेंच बेटाच्या कारभारापासून वेगळी झाली, पण राहिली फ्रान्समध्येच. तिथले लोक फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षासाठी मत देतात. डच बाजूला १० ऑक्टोबर २०१० पासून स्वतःची संसद आणि पंतप्रधान आहेत, पण संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार डच राज्याकडे. ११ नोव्हेंबरचा सेंट मार्टिन दिवस मात्र दोन्ही बाजू साजरा करतात. नावाचं श्रेय कोलंबसला देतात, पण त्याने ते बहुधा नेव्हिस बेटाला दिलं होतं आणि पुढे नकाशांत ते इकडे चिकटलं, असं बरेच इतिहासकार मानतात.

आता पत्ता. फ्रेंच बाजूला 'सेंट-मार्टिन ९७१५०', फ्रेंच पद्धतीने. डच बाजूला 'सिंट मार्टेन'. पार्सल पाठवण्याआधी साइड विचारून घ्या. फोनचा कोडही वेगळा: फ्रेंच ५९०, डच १-७२१.