पूर दोन दिवसांत ओसरला काय किंवा महिनाभर राहिला काय, नुकसान तेवढंच ना?

तुम्ही विचारलंय की एकदा गावात पाणी शिरलं की शिरलं, मग ते किती दिवस थांबलं यानं काय फरक पडतो. फार पडतो. मी नदीकाठीच वाढले. चढलेलं पाणी गाव सोसतं, त्याचा मुक्काम सोसत नाही.

शेताचंच बघा. मुळांना हवा लागते. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10 हजार पट सावकाश सरकतो, आणि मातीत उरलेला ऑक्सिजन जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. तेवढ्यात पाणी उतरलं तर पिवळं पडलेलं पीकही पुष्कळदा सावरतं. दहा दिवसांनी मात्र रोप नुसतं धरलं तरी उपटून हातात येतं. मुळं काळी पडलेली, वरची साल चिमटीत निसटते, आणि सडक्या अंड्यासारखा वास. तो वास मला अजून आठवतो. भात पाण्यातलंच पीक, पण शेंडे बुडून राहिले की आठवड्या-दोन आठवड्यांत तेही जातं. 2006 मध्ये उजेडात आलेलं 'सब-1' जनुक ज्या वाणांत आहे, ते पूर्ण बुडूनही साधारण दोन आठवडे तग धरतात. त्यापुढे तेही नाहीत.

पाणी गेलं तरी रान लगेच हाती येत नाही. वर गाळ, खाली चिबड, म्हणजे पाणी धरून बसलेली जमीन. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, आल्याशिवाय औत घालता येत नाही. घाई केली तर ढेकळं दगडासारखी वाळतात. तोवर पुढची पेरणी टळते. नदी केव्हाच पात्रात गेलेली असते, म्हणून हा दुसरा हंगाम कुणी नुकसानीत धरत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

जनावरं चिखलात उभी राहून खूर सडतात, वैरणीला बुरशी येते. शेवटी दुभती गाय येईल त्या भावात विकावी लागते आणि घरात रोज येणारा पैसा थांबतो.

मातीची भिंत भर पुरात पुष्कळदा उभी असते, कारण आतबाहेर पाण्याचाच टेकू असतो. पाणी उतरलं की भिजून जड झालेली भिंत बसते. नदीचा काठही पुष्कळदा पाणी झपाट्यानं उतरताना ढासळतो. म्हणून पाणी ओसरल्या ओसरल्या घरात शिरू नका, आधी भिंती बघा. विहिरीचं पाणी नितळ दिसलं तरी शौचालयांच्या खड्ड्यांतली घाण त्यात उतरलेली असू शकते. विहीर साफ करून, क्लोरीन टाकून, पाणी तपासून घेईपर्यंत ते पिऊ नका. चिखलात अनवाणी फिरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. उंदीर-जनावरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप अशा चिखलातून होऊ शकतो.

मदत करायची म्हणून विचारत असाल, तर पहिल्या आठवड्यात कपड्यांचे ढीग येतात. तुम्ही दोन महिन्यांनी या, वैरण आणि बियाणं घेऊन.